बांय, सोकपिट आणि औषधाला न जुमानणारे जंतू

मोगरा_साखळी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींचे धागे वाचून जाते, लिहीत नाही, पण गेले दोन महिने डोक्यात एकच विषय आहे आणि घरी सगळ्यांना सांगून झालाय म्हणून इथे लिहिते. जरा लांबेल.

माझ्या सासूबाई, वय ७१. मिरगापासून चतुर्थीपर्यंत तीन वेळा त्यांना युरिन इन्फेक्शन झालं. पहिल्या दोन वेळी मी फार्मसीत जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणल्या, तीन दिवसांत जळजळ थांबली की उरलेल्या गोळ्या कपाटात. ही चूक माझी, म्हणून आधीच सांगते. तिसऱ्या वेळी मात्र हुडहुडी भरून १०३ ताप, उलट्या, आणि रात्री अकरा वाजता आम्ही त्यांना उचलून गाडीत घातलं. युरिन कल्चरचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. ई-कोलाय, आणि खाली औषधांची यादी, नेहमीच्या गोळ्यांसमोर आर, आर, आर. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतूला ते औषध लागूच पडत नाही. शेवटी मेरोपेनेम नावाचं जड अँटिबायोटिक शिरेतून, दिवसाला तीन वेळा, सात दिवस. सातव्या दिवशी हातावर सुई लावायला शीर सापडत नव्हती.

डिस्चार्जच्या वेळी तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? आमच्याकडे नळ आहे, पण सासूबाईंना बांयचंच (परसातल्या विहिरीचंच) पाणी लागतं, नळाच्या पाण्याने तहान भागत नाही म्हणतात, आणि चहा पण त्याचाच. मग पाणी तपासायला दिलं. पिण्याच्या पाण्यात १०० मिलीमध्ये ई-कोलाय एकही सापडता कामा नये असं आपलं आयएस १०५०० मानक सांगतं, आमच्या रिपोर्टवर सापडले असं लिहून आलं. नवऱ्याने दोरी लावून मोजलं तर गडग्यापलीकडे शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी भाड्याच्या खोल्यांसाठी जे सोकपिट (सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा) खोदलं ते आमच्या बांयपासून ११ मीटर.

तेव्हापासून मी वाचत सुटलेय. दोन गोष्टींनी झोप उडवली. २०११ मध्ये लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या जर्नलमध्ये दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास आला होता, एनडीएम-१ नावाचा जीन, जो जंतूला मेरोपेनेमसारख्या औषधालाही दाद देऊ देत नाही, तो रस्त्यावर साचलेल्या आणि गटाराच्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत मिळाला आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत. दुसरं म्हणजे नेदरलँड्सच्या प्रवाशांवरचा अभ्यास, २०१७ चा. जाण्याआधी ज्यांच्या पोटात ईएसबीएल जंतू, म्हणजे बरीच नेहमीची अँटिबायोटिक फोडणारं एन्झाइम बनवणारे जंतू, नव्हते (सासूबाईंच्या रिपोर्टवर हाच शब्द होता) त्यांच्यापैकी दक्षिण आशियात फिरून परतलेल्या दर १०० जणांतले ७५ जण ते जंतू पोटात घेऊन घरी गेले. काही दिवसांच्या सुट्टीत. आम्ही तर इथेच जन्मलोय.

माझा प्रश्न हा की पेपरात आलं तर नव्या औषधाची बातमी येते, आणि सोकपिट कुठे खोदलंय हे कोणीच विचारत नाही, असं का? आणि बांयचं आता काय करू?

सूक्ष्मदर्शक

मोगराताई, सासूबाई बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, फोंड्याला राहते.

आधी एक सांगते म्हणजे शेजाऱ्यांशी बोलताना तुमची बाजू पक्की राहील. सासूबाईंना जो जंतू झाला तो बांयतूनच आला हे या दोन रिपोर्टांवरून सिद्ध होत नाही. युरिन इन्फेक्शनचा ई-कोलाय बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातला असतो, तिथून तो मूत्रमार्गात जातो. प्रश्न आतड्यात तो आला कुठून हा आहे, आणि पाणी, जेवण, घरातल्यांचे हात, आधीचे अर्धवट कोर्स, सगळे त्याचे रस्ते आहेत. तुम्ही म्हणता त्याच डच अभ्यासात जंतू घेऊन आलेल्यांपैकी साधारण ११ टक्के लोकांत ते वर्षभरानंतरही मिळाले. काही त्रास नाही, ताप नाही, नुसते वस्तीला. मग कधीतरी वय होतं, पाणी कमी प्यायलं जातं, लघवी तुंबते, आणि तोच पाहुणा वर चढतो.

आता गटाराचं महत्त्व. ई-कोलायमध्ये प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी वळी असते, औषध फोडणाऱ्या एन्झाइमची कृती बऱ्याचदा तिच्यावर लिहिलेली असते आणि एक जंतू ती दुसऱ्याला देऊ शकतो, दुसऱ्या जातीच्या जंतूला सुद्धा. सेप्टिक टँकमध्ये शंभर आतड्यांमधले जंतू, लघवीतून न पचता बाहेर पडलेलं औषध आणि भरपूर अन्न एकाच अंधाऱ्या खोलीत असतात. अँटिबायोटिकचा बराच हिस्सा शरीरातून जसाच्या तसा बाहेर येतो हे लोकांना माहीतच नसतं.

तुमच्या मूळ प्रश्नाला धरून एक अभ्यास मी दरवर्षी मुलांना वाचायला देते. पीटर कॉलिन्यॉन आणि सहकाऱ्यांचा, २०१८, लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ. देशादेशांची आकडेवारी लावून पाहिलं तर कुठल्या देशात माणशी किती अँटिबायोटिक खपतं याच्याशी रेझिस्टन्सचा फार संबंध दिसला नाही, संबंध दिसला तो सांडपाणी, स्वच्छता वगैरे सोयी आणि कारभार यांच्याशी. औषध जपून वापरायलाच हवं, पण फुटलेल्या टाकीच्या शेजारी बसून नुसतं जपून वापरलं तर जंतू पसरायचे थांबत नाहीत. २०२३ मध्ये लॅन्सेट मायक्रोबमध्ये आणखी एक अभ्यास आला, त्यात माणसांच्या आतड्यातले रेझिस्टन्सचे जीन मोजले, आणि जिथे चांगलं पाणी आणि संडासाची सोय जास्त लोकांना आहे तिथे ते कमी मिळाले.

चिरेबंदी

ताई मी बांधकामाच्या धंद्यात आहे २२ वर्षं, बार्देश पेडणे भागात, आणि हा विषय माझ्या पोटातला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

सेप्टिक टँक काय करतो तर घट्ट मैला खाली बसवतो आणि हवा नसलेल्या जागी तो थोडाफार कुजवतो एवढंच. बाहेर जे पाणी पडतं ते दिसायला पातळ पण जंतूंनी भरलेलं असतं. त्याला साफ करायचं काम खरं तर सोकपिटभोवतीच्या मातीचं, माती कोरडी असली मध्ये हवा खेळत असली की जंतू तिच्यात अडकतात मरतात. आता आपल्या गोव्याची जमीन बघा, वर चिऱ्याचा दगड, जांभा, तो चाळणीसारखा, भोकं आणि आतून नळ्या गेलेल्या, त्याच्याखाली चिकण. पाणी चिऱ्यातून सरळ पळतं, मातीत जसं हळूहळू झिरपतं तसं नाही. आणि जुलैत बांय काठाशी येते, म्हणजे जमिनीतलं पाणी वर येऊन सोकपिटाच्या बुडाला लागतं, कोरडी माती शिल्लकच राहत नाही. मे महिन्यात त्याच बांयचा रिपोर्ट चांगला येईल आणि जुलैत वाईट. त्यामुळे तुमच्या सासूबाईंचं मिरग ते चतुर्थी वाचलं आणि मी थांबलो.

सेप्टिक टँकचं आयएस २४७० मानक आहे, त्याप्रमाणे सोकपिट पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटरच्या आत नको. ११ मीटर म्हणजे कमीच, त्यात उतार कुठे आहे तो बघा, शेजाऱ्याची जागा वरच्या अंगाला असली तर चिऱ्यात १८ मीटर पण मी पुरेसे धरत नाही. पूर्वी घरात सहा माणसं आणि न्हाणीघराचं पाणी माडांना जायचं, आता त्याच प्लॉटवर आठ खोल्या आठ संडास आणि प्रत्येकाला शॉवर, पिट मात्र सहा माणसांचंच. शेजारी वाईट असतो असं नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, गवंडी विचारतो खड्डा कुठे मारू आणि मालक मोकळी जागा दाखवतो.

कुळागर

मी बोरीचा, वय ७८. सगळं वाचलं. आदर ठेवून लिहितो, मला हे थोडं जास्त वाटतं. आमच्या बांयचं पाणी माझ्या पणजोबांपासून पिऊन आम्ही वाढलो, कोणाला असले आजार झाले नाहीत. बांयवर कासव सोडायचे, मासे सोडायचे, चुन्याची निवळी टाकायचे, वर्षातून एकदा उपसायचे. आता नळाच्या पाण्याला पावडरीचा वास आणि बाटलीच्या पाण्याला प्लास्टिक. बांय वाईट म्हणून लोक ती बुजवायला लागले तर आमच्या गावात एप्रिलमध्ये पाण्यासाठी टँकरची वाट बघायची पाळी येईल. बांयला दोष देऊ नये.

मोगरा_साखळी

काका, बांय बुजवायचा विचारही मनात नाही, उलट ती वाचावी म्हणूनच लिहिलं. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्या बांयची पूजा करून पहिली कळशी भरली होती, ते त्या अजून सांगतात.

सूक्ष्मदर्शक

काका, तुमच्या पणजोबांच्या वेळची बांय चांगली होती हे मी मान्य करते, फक्त त्या काळी तिच्याभोवती एवढे संडास नव्हते आणि कोणाच्या पोटात अँटिबायोटिक नव्हतं. जंतू तेव्हाही पाण्यातून यायचे, कॉलरा तसाच यायचा. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे मृत्यू शोधून काढले, पंपाचा दांडा काढायला लावला, आणि नंतर कळलं की पंपाच्या विहिरीपासून काही फुटांवर एका घराचा मैल्याचा खड्डा झिरपत होता. तिथेही दोष विहिरीचा नव्हता, खड्ड्याचाच होता. त्या काळात आणि आजच्यात फरक एवढाच की आज तो जंतू आला तर हातातलं औषधही चालेलच असं नाही.

रातपाळी

मी नर्स आहे. कोणत्या हॉस्पिटलात ते लिहीत नाही. पंधरा वर्षांपूर्वी मेरोपेनेम लावलं की आम्ही म्हणायचो पेशंट सिरियस आहे. आता वॉर्डात रोज कोणाला ना कोणाला चालू असतं. २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये जगाचा हिशेब आला, २०१९ या एका वर्षात रेझिस्टंट जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली असा अंदाज. २०२५ मध्ये डब्ल्यूएचओने सांगितलं की लॅबमध्ये नक्की झालेल्या दर सहा इन्फेक्शनपैकी एक रेझिस्टंट, आणि आपल्या दक्षिण-पूर्व आशिया विभागात दर तीनपैकी एक. आकडे सोडा, मी ७१ वर्षांच्या बाईच्या हातावर सातव्या दिवशी शीर शोधणारी बाई आहे, म्हणून मोगराताई तुमची ती ओळ वाचून मला भरून आलं.

औषधाबद्दल चार शब्द. जुन्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक आणू नका, २०१४ पासून शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत बरीच महत्त्वाची अँटिबायोटिक्स आहेत, त्यांची विक्री फार्मसीला वहीत लिहून ठेवावी लागते. पाकिटावर लाल उभी रेघ असते ती बघा. गोळी सुरू करायच्या आधी कल्चरसाठी लघवी द्या, नंतर दिली तर जंतू उगवत नाही आणि आम्ही अंधारात राहतो. आणि कल्चरवर एस (म्हणजे औषध लागू पडतं) आहे म्हणून घरच्या घरी गोळी निवडू नका. नायट्रोफुरँटॉइन मूत्राशयात चांगलं चालतं पण किडनीच्या मांसात पोचत नाही, त्यामुळे थंडी वाजून ताप आणि पाठीत कळ असेल तर ते उपयोगाचं नाही.

उरलेल्या गोळ्या कमोडमध्ये टाकू नका हे पण सांगते, कारण चिरेबंदींनी लिहिलं त्याच सोकपिटात त्या जातात. केरळमध्ये घरोघरची जुनी औषधं गोळा करायचा सरकारी उपक्रम आहे, गोव्यासारख्या छोट्या राज्यात हे एका महिन्यात उभं राहू शकेल असं मला मनापासून वाटतं.

पाणीवाला_मडगाव

उशिरा आलो. माझं काम सांडपाणी प्रक्रियेचं आहे आणि या विषयावर लोक बोलताना बघून खरंच आनंद झाला.

संशोधनात सध्या दोन दिशा चालल्यात. पहिली, सांडपाण्याला गावाची रक्त तपासणी समजायची. मुंबईत पोलिओसाठी हे २००१ पासून चालू होतं, गटाराचा नमुना घेऊन विषाणू शोधायचे, भारतातला शेवटचा जंगली पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ चा पण गटारावर नजर नंतरही राहिली. कोविडच्या सुरुवातीला नेदरलँड्सच्या अ‍ॅमर्सफोर्ट गावात रुग्ण नोंदले जायच्या आधीच सांडपाण्यात विषाणूच्या खुणा मिळाल्या. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात पोलिओ मिळाला आणि तिथल्या मुलांना जादा डोस दिले. आता हेच रेझिस्टन्ससाठी करतात. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने १०१ देशांतल्या २४३ शहरांचं सांडपाणी तपासलं गेलं, २०२२ मध्ये छापून आलं. एकाही माणसाला सुई न टोचता, कोणाचं नाव न घेता कळतं की या वस्तीच्या पोटात काय चाललंय. गोव्यात हंगामात कुठकुठून लोक येतात, तर इथे ही नजर किती कामाची होईल.

दुसरी दिशा, प्रक्रियेनंतर औषधं आणि जीन काढायचे कसे. साधा एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेचा प्लांट, त्यासाठी बांधलेलाच नाही, तो सेंद्रिय घाण कमी करतो. स्वित्झर्लंडने २०१६ पासून कायदा करून निवडक प्लांटवर ओझोन किंवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा टप्पा जोडायला घेतला. युरोपने २०२४ मध्ये नियम बदलले, मोठ्या प्लांटना हा जादा टप्पा लागणार आणि त्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के भाग औषध आणि कॉस्मेटिकच्या कंपन्यांवर. आपल्याकडे उलट उदाहरण आहे, हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांचं पाणी घेणाऱ्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ मध्ये एका लिटरला ३१ मिलीग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन मिळालं होतं, गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्याहून जास्त.

पण मोगराताईंच्या परसात ओझोन येणार नाही, त्यामुळे घरगुती पातळीवर काय ते सांगतो. जपानमध्ये जोहकासू म्हणून घरापुरती छोटी हवा खेळवणारी टाकी असते, नियमित देखभाल सक्तीची. आपल्याकडे नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेने फायटोरिड केलंय, खडीच्या वाफ्यात कर्दळ, बोरूसारखी झाडं लावून त्यातून सेप्टिकचं पाणी आडवं न्यायचं. मुळांभोवतीचे जंतू घाण खातात, वास नाही, वीज जवळजवळ नाही. आठ खोल्यांच्या जागेला हे सहज बसतं. जंतू शून्य होत नाहीत पण खूप कमी होतात, आणि ते पाणी माडांना घातलं तर बांयकडे जायचं तेवढं टळतं. सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यायलाच हवा, भरलेला टँक म्हणजे नुसता पाइप.

चिरेबंदी

पाणीवाला बरोबर बोलले, फक्त वाफ्याचं बूड पक्कं करून घ्या नाहीतर चिऱ्यात तेच परत. प्लास्टिकचं जाड अस्तर आणि त्यावर खडी. मी दोन ठिकाणी केलंय, कर्दळ पावसात माणसाएवढी होते.

मोगरा_साखळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल नवरा आणि मी शेजाऱ्यांकडे गेलो. भांडायला नाही, रिपोर्ट आणि दोरी घेऊन. पहिली दहा मिनिटं वातावरण तंग होतं, नंतर त्यांच्या सुनेने विचारलं की आमच्या बांयचं पण तपासायचं का, कारण त्यांची बांय त्याच पिटपासून १४ मीटरवर आहे. त्यांच्या घरात दोन वर्षांचं मूल आहे. आंब्याच्या पलीकडे खालच्या अंगाला जागा बघितली, तिथून दोन्ही बांयी २५ मीटरच्या वर पडतात. चिरेबंदी, तुम्हाला वेगळा निरोप टाकलाय.

तोपर्यंत पिण्याचं पाणी उकळतोय. बांयत ब्लीचिंग पावडर किती टाकायची ते कोणी नीट सांगेल का? गावात कोणी मूठभर म्हणतं कोणी डबाभर.

पाणीवाला_मडगाव

मोजून टाका. बांयचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ०.७८५ ने गुणा, आलेला आकडा म्हणजे हजार लिटर. दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर २.५ ग्रॅम. समजा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर, तर साधारण २८ हजार लिटर, पावडर ७० ग्रॅम. जुलैत पाणी ७ मीटर असेल तर सव्वाशे ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, मग पाणी वाढवा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या आणि वरची निवळ तेवढी दुसऱ्या बादलीत घेऊन बांयत सोडा, कळशी वरखाली करून ढवळा. चुना आत टाकू नका, पाणी जड होतं. निदान एक तास पाणी काढू नका, संध्याकाळी टाकून सकाळी काढलं तर उत्तम. उघडं पाकीट महिनोन्महिने ठेवलं तर पावडर मरते, तेव्हा ताजी आणा. आणि पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीतच संपतं, त्या दिवशी उकळणंच बरं. सोकपिट हलेपर्यंत हे पावसाळाभर करत राहावं लागेल, एकदा टाकून भागणार नाही.

रातपाळी

सासूबाईंना पाणी भरपूर द्या, आणि परत जळजळ झाली तर आधी कल्चर.

कुळागर

मी दोन दिवस विचार केला. आमच्या कुळागराच्या वरच्या बाजूला तीन वर्षांपूर्वी सहा नवे बंगले झाले, त्यांची पिटं कुठे आहेत हे मला माहीत नाही. उतार आमच्याकडेच आहे. पाणी तपासायला द्यायचं तर बाटली घरातली चालते का?

सूक्ष्मदर्शक

घरातली नको काका, लॅबमधून निर्जंतुक बाटली मागून आणा, पावडर टाकलेली असेल तर तसं त्यांना सांगा म्हणजे आत क्लोरीन मारणारं औषध घातलेली बाटली देतात. झाकणाच्या आतल्या बाजूला हात लावू नका, पूर्ण काठोकाठ भरू नका, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी सकाळी सकाळी पोचती करा. नमुना पाऊस पडून गेल्यावरचा घ्या.

कुळागर

बरं. उद्या नातवाला पाठवतो बाटलीसाठी.